जुनी माझदा घ्यावी का? आधी वर्ष आणि इंजिन बघा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा टोरांटोजवळ स्थायिक झाला आहे आणि जुनी माझदा बघतो आहे. एकाचं म्हणणं, या कंपनीची इंजिनं लाखभर किलोमीटरच्या आत उघडावी लागतात. दुसऱ्याचं म्हणणं, इंजिन ठीक, पण पत्रा गंजतो. तिसरा सांगतो की टोयोटा-होंडाच्या तोडीची आहे, आणि चालवायला त्यांच्यापेक्षा सरस. त्यातच माझदाचीच, रोटरी इंजिनाची एक आरएक्स-8 अगदी स्वस्तात मिळते आहे. यातलं खरं कोणाचं?

तिघांचंही खरं आहे, फक्त तिघं वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलत आहेत. टोयोटाची कुठलीही गाडी डोळे झाकून घेतली तरी फारसं बिघडत नाही. माझदाच्या बाबतीत असं करू नका. गाडी कुठल्या वर्षाची, तिच्यात इंजिन कुठलं आणि त्या वर्षी कंपनी कोणाच्या पैशावर चालली होती, एवढं कळलं की गाडीचं निम्मं भविष्य कळतं. म्हणून इतिहासापासून सुरुवात करतो. खरेदीच्या वेळी तो कामाला येतो.

कंपनी हिरोशिमाची. 1920 साली टोयो कॉर्क कोग्यो या नावाने ती बुचाच्या झाडाच्या सालीपासून वस्तू बनवण्यासाठी निघाली. जुजिरो मात्सुदा यांनी पुढच्याच वर्षी सूत्रं हाती घेतली, ती यंत्रसामग्रीकडे वळवली आणि 1931 मध्ये माझदा-गो नावाची तीनचाकी मालवाहू गाडी बाजारात आणली. 6 ऑगस्ट 1945 रोजी शहरावर अणुबॉम्ब पडला तेव्हा कारखाना केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर, हिजियामा टेकडीच्या आड होता. त्यामुळे इमारती बऱ्याचशा वाचल्या. शहर उद्ध्वस्त झालेलं असल्यामुळे काही महिने जिल्हा प्रशासनाचा कारभार याच कारखान्याच्या इमारतीतून चालला, आणि डिसेंबर 1945 मध्ये तीनचाकी पुन्हा बनू लागल्या. पहिली प्रवासी मोटार आर360 कूपे 1960 साली आली.

भारतात माझदाच्या मोटारी अधिकृतपणे कधीच विकल्या गेल्या नाहीत. महाराष्ट्रात हे नाव पोचलं ते स्वराज माझदाच्या छोट्या ट्रकमुळे आणि शाळेच्या बसमुळे. पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो यांची ती 1983 सालची भागीदारी, पुढे 2011 मध्ये तिचं नाव एसएमएल इसुझु झालं. त्या गाड्यांच्या अनुभवावरून परदेशातल्या मोटारीबद्दल काहीच ठरवू नका. दोघींमध्ये नावापलीकडे काही सामाईक नाही.

आता रोटरी. माझदाचं नाव झालं ते याच इंजिनाने आणि बदनामीही याच इंजिनाने झाली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानचं व्यापार मंत्रालय मोटार कंपन्यांचं विलीनीकरण करून थोड्या मोठ्या कंपन्या ठेवायच्या विचारात होतं. लहान कंपन्यांवर गिळल्या जाण्याची वेळ आली होती. जुजिरो यांचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा यांनी 1961 मध्ये जर्मनीतल्या एनएसयू कंपनीकडून फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनाचा परवाना घेतला. दुसऱ्या कोणाकडे नाही असं काही तरी आपल्याकडे हवं, हा त्यामागचा हिशेब.

हातात जे इंजिन आलं ते अर्धवट होतं. रोटरीत पिस्टनऐवजी तीन बाजूंचा रोटर एका लंबगोलसर घरात फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांना उभ्या पट्ट्या असतात. त्यांना एपेक्स सील म्हणतात. पिस्टनच्या रिंगचं काम त्या करतात, पण रिंगपेक्षा कितीतरी कठीण परिस्थितीत: घराच्या भिंतीशी त्यांचा कोन सतत बदलतो, सरकण्याचा वेग जास्त असतो, आणि वंगण मिळतं ते पेट्रोलमिश्रित हवेबरोबर सोडलेल्या थेंबभर ऑइलचं. सुरुवातीच्या इंजिनांत या पट्ट्या थरथरायच्या आणि घराच्या आतल्या क्रोमच्या थरावर आडव्या लाटा उठवायच्या. या खुणांना हिरोशिमात सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली 1963 मध्ये 47 अभियंत्यांचा वेगळा विभाग झाला. पट्टी आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येवर थरथरते आहे हे त्यांनी ओळखलं. टोकाजवळ उभी-आडवी भोकं पाडून ती संख्या बदलल्यावर ओरखडे थांबले. उत्पादनात आली ती मात्र निप्पॉन कार्बन कंपनीबरोबर तयार केलेली, अ‍ॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी. 30 मे 1967 रोजी कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली: 491 सीसीचे दोन रोटर, 110 अश्वशक्ती. अशा बाराशेहूनही कमी गाड्या बनल्या. तिकडे एनएसयूने त्याच वर्षी आरओ80 काढली, वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता ती खचली आणि 1969 मध्ये फोक्सवॅगनच्या पोटात गेली. ज्यांनी परवाना विकला ते संपले आणि ज्यांनी विकत घेतला ते टिकले. हिरोशिमातल्या त्या विभागाचं मोठेपण मला यातच दिसतं.

पण रोटरीचा एक दोष पट्टी बदलून जात नाही. ज्वलनकक्ष लांबट, चपटा आणि सरकता असतो. आकारमानाच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून उष्णता भिंतीत जाते आणि कडेचं पेट्रोल न जळता बाहेर पडतं. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग देऊनही हे पूर्ण सुटत नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेचे धुराचे नियम पाळण्यासाठी माझदाने न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या थर्मल रिअ‍ॅक्टरमध्ये जाळायची योजना केली. नियम पाळले गेले, पण रिअ‍ॅक्टर पेटता ठेवायला मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवावं लागलं आणि गाडी पेट्रोल पिऊ लागली. 1973 चं तेलसंकट आल्यावर अमेरिकेत विक्री कोसळली, गोदामं भरली, आणि सुमितोमो बँकेने हात दिला म्हणून कंपनी वाचली. कारखान्यातली माणसं शोरूममध्ये गाड्या विकायला पाठवली गेली. अभियंत्यांनी पेट्रोलचा खर्च 40 टक्क्यांनी सुधारण्याचं काम हाती घेतलं आणि 1978 मध्ये आरएक्स-7 आली. 1979 मध्ये फोर्डने सुमारे चौथा हिस्सा घेतला.

1991 च्या ले मॉन्सच्या 24 तासांच्या शर्यतीचा उल्लेख करायलाच हवा, कारण रोटरी टिकत नाही असं सरसकट म्हणणाऱ्यांना दुसरं उत्तर नाही. 55 क्रमांकाची 787बी, चार रोटर, 2.6 लिटर, सुमारे 700 अश्वशक्ती. जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गाशो यांनी 24 तासांत 362 फेऱ्या मारून शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. दुसरा टोयोटाने मिळवला, तो 2018 साली. त्या इंजिनात सिरॅमिकचे एपेक्स सील होते, प्रत्येक रोटरला तीन प्लग होते आणि हवा आत घेणाऱ्या नळ्यांची लांबी चालत्या गाडीत कमी-जास्त व्हायची. म्हणजे योग्य वंगण, योग्य तापमान आणि सतत चांगल्या वेगाने फिरतं ठेवलेलं रोटरी इंजिन दिवसभर पूर्ण जोराने चालू शकतं. ते मरतं घराजवळच्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी. आरएक्स-8 चं दुखणं हेच आहे, आणि पहिल्या माणसाचं गाऱ्हाणं इथलं.

आरएक्स-8 2003 ते 2012 या काळात बनली. इंजिन 13बी-एमएसपी, ज्याला रेनेसिस म्हणतात: 654 सीसीचे दोन रोटर. यात एक्झॉस्टचं तोंड घराच्या परिघावरून बाजूच्या भिंतीत नेलं. धूर सुधारला, इंजिन हळू फिरत असतानाची खेच सुधारली, पण बाजूचे सील आणि तोंडाजवळची काजळी ही नवी दुखणी आली. अमेरिकेत कंपनीला इंजिनाची वॉरंटी 8 वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. ती मुदत आता सगळ्या गाड्यांची संपली आहे, म्हणजे इंजिन गेलं तर खर्च तुमचा, आणि तो बहुतेक वेळा स्वस्तात मिळालेल्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असतो.

तरी गाडी आवडलीच असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे इंजिन आतली हवा किती दाबतं याची चाचणी, करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही चाचणी साध्या गेजने होत नाही. पिस्टन इंजिनाचा गेज आतल्या झडपेमुळे दाब धरून ठेवतो, म्हणून रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा दाखवतो. एक सील तुटलेला असला तरी आकडा छान येतो आणि गिऱ्हाईक फसतं. रोटरीचा खास टेस्टर तिन्ही बाजूंचे तीन आकडे वेगळे देतो, दोन रोटरचे मिळून सहा. इंजिन पूर्ण गरम हवं, बॅटरी पूर्ण चार्ज हवी, इंधन आणि स्पार्क बंद हवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. स्टार्टरने इंजिनाला मिनिटाला किती फेऱ्या दिल्या त्याची नोंद करून आकडे मिनिटाला 250 फेऱ्यांच्या हिशेबात आणायचे. नवीन इंजिनाला साधारण 8.5 किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आणि 6.9 च्या खाली गेलं की कंपनीच्या मापाने इंजिन बाद. एकाच रोटरच्या तीन बाजूंत 1.5 पेक्षा आणि दोन रोटरमध्ये 1.0 पेक्षा जास्त फरक नको. विकणारा फेऱ्यांचा आकडा न देता नुसतं ‘कॉम्प्रेशन आठ आहे’ म्हणाला तर त्या आठला अर्थ नाही: वेगवान स्टार्टर बसवला की दमलेलं इंजिनही मोठा आकडा दाखवतं.

टेस्टर मिळत नसेल तर निदान एवढं करा. अर्धा तास गाडी चालवा, बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. गार असताना लगेच चालू होणारी आणि गरम असताना घुरघुरत राहणारी गाडी म्हणजे कॉम्प्रेशन गेलेली गाडी. गार इंजिनात ऑइल घट्ट असतं आणि फटी झाकतं, गरम झाल्यावर झाकत नाही.

घेतल्यानंतरची पथ्यं अशी. गार इंजिन चालू करून गाडी नुसती गॅरेजमधून बाहेर काढली आणि बंद केली, असं कधीही करू नका. गार असताना पेट्रोल जास्त सोडलं जातं. इंजिन मध्येच बंद झालं की ते पेट्रोल प्लग भिजवतं आणि घराच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, सील कोरडे पडतात, कॉम्प्रेशन जातं आणि गाडी चालूच होत नाही. अशी पेट्रोलने भिजलेली गाडी चालू करायची असेल तर अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून सुमारे दहा सेकंद स्टार्टर द्या. त्या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात आणि आतलं पेट्रोल बाहेर फेकलं जातं. चालू करायची तर तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत चालवायचीच.

ऑइल ही गाडी खाते, आणि खायलाच हवं. मीटरिंग पंप, म्हणजे ऑइल मोजून सोडणारा पंप, ते मुद्दाम जळायला पाठवतो. दर दोन टाक्यांमागे डिपस्टिक बघा. ऑइल अजिबात कमी होत नसेल तर आनंद मानू नका, नोझल किंवा पंप बंद पडलेला असू शकतो. जाणकार मालक पेट्रोलमध्ये लिटरमागे 3 ते 5 मिलिलिटर चांगलं टू-स्ट्रोक ऑइलही टाकतात. 2009 च्या सुधारित मॉडेलमध्ये ऑइल सोडण्याची व्यवस्था बदलली, म्हणून तेच वर्ष आणि त्यापुढची गाडी घ्या. इग्निशन कॉइल आणि प्लग सुमारे 50,000 किलोमीटरला बदला. कॉइल कमकुवत झाली की न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो वितळून चोंदतो, मागे दाब साठतो, इंजिन तापतं आणि सील जातात. शंभर-दोनशे डॉलरच्या कॉइलपायी गेलेली इंजिनं या गाडीत फार आहेत. शहरात लिटरला 6-7 किलोमीटर मिळतील. मुलाची ही एकमेव गाडी असणार असेल आणि ऑफिस दहा मिनिटांवर असेल, तर माझं स्पष्ट मत: घेऊ नका.

आता फोर्डच्या काळाकडे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये पैशाचा पूर होता तेव्हा माझदाने देशातल्या विक्रीसाखळ्या पाचवर नेल्या: माझदा, ऑटोझॅम, युनोस, एफिनी आणि ऑटोरामा. फुगा फुटल्यावर हे झेपलं नाही. अमेरिकेसाठी ठरवलेला अमाती हा आलिशान ब्रँड 1992 मध्ये बाजारात येण्याआधीच गुंडाळला. 1996 मध्ये फोर्डने हिस्सा 33.4 टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. जपानी मोटार कंपनीच्या प्रमुखपदी आलेले ते पहिले परदेशी.

या काळातल्या गाड्या मिश्र आहेत, आणि दुसऱ्या माणसाचं गाऱ्हाणं इथलं. ट्रिब्यूट म्हणजे फोर्ड एस्केपच, अमेरिकेतले बी-मालिकेचे ट्रक म्हणजे फोर्ड रेंजर. नव्वदच्या दशकातल्या चार सिलिंडरच्या माझदा 626 या मोटारीला फोर्डचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, तो इतका गेला की कित्येक घरांतून माझदा कायमची हद्दपार झाली. उलट माझदाने या काळात बनवलेलं 2.0 आणि 2.3 लिटरचं एमझेडआर इंजिन इतकं चांगलं होतं की फोर्डनेही ते आपल्या गाड्यांत वापरलं. पहिल्या पिढीच्या माझदा3 मध्ये तेच आहे: चेनवर चालणारं, साधं, लाखो किलोमीटर जाणारं. त्या गाडीला संपवतो तो गंज.

मागच्या चाकांच्या कमानीपाशी बाहेरचा आणि आतला पत्रा दुमडून जोडलेला असतो. कॅनडात रस्त्यावर टाकलेलं मीठ चिखलाबरोबर त्या घडीत बसतं आणि पत्रा आतून बाहेर सडतो. रंगाखाली फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. म्हणून बाहेरून बघण्यात अर्थ नाही. चाकाच्या खळग्यात हात घालून कमानीच्या आतल्या कडेवर बोट फिरवा. पापुद्रे निघाले तर निघा. कडेने एक छोटा चुंबक फिरवा: जिथे तो चिकटत नाही तिथे पुट्टी भरून रंग मारलेला आहे. नंतर गाडी लिफ्टवर चढवून दरवाज्याखालचे बॉक्स, मागचे सस्पेन्शनचे सांधे आणि ब्रेकच्या नळ्या बघा. 2004 ते 2009 च्या माझदा3 ला हे दुखणं हमखास. पुढच्या पिढ्या सुधारल्या, तरी ओंटारियोत दर शरद ऋतूत गाडीच्या पोटाला आणि पोकळ भागांना तेलाचा फवारा मारून घेणं हा खर्च मी कुठल्याही गाडीसाठी वाचवणार नाही.

याच काळातली टाळायची गाडी म्हणजे 2.3 लिटर टर्बोची: 2007 ते 2012 ची सीएक्स-7 आणि माझदास्पीडची मॉडेल्स. गार इंजिन चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखडाट ऐकू आला तर तो व्हीव्हीटीचा (झडपा उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) अ‍ॅक्च्युएटर आणि ताणलेली चेन. एक्झॉस्टमधून निळसर धूर दिसला तर टर्बोचा सील. दोन्ही कामं एकत्र निघाली की गाडीची किंमत संपते. मोह पडतो, कारण स्वस्त मिळते आणि आतून छान दिसते.

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटनमधल्या वाचकांनी डिझेलबद्दल सावध राहावं. जुन्या एमझेडआर-सीडी इंजिनात इंजेक्टरखालचे वॉशर गळतात, जळलेला वायू ऑइलमध्ये घुसतो, काजळी धरते आणि ऑइल पॅनमधली चाळणी चोंदते. मग ऑइलचा दाब पडतो आणि टर्बो आधी जातो. टर्बो बदलून चाळणी न काढणारा मेकॅनिक तोच टर्बो पुन्हा घालवतो. नव्या स्कायअ‍ॅक्टिव्ह-डी या डिझेल इंजिनात डिपस्टिकवर फुलीची खूण आहे: डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. ती फुलीपर्यंत आली की ऑइल लगेच बदलायचं, किलोमीटर कितीही झालेले असोत. रोजचा प्रवास शहरातला आणि छोटा असेल तर ही डिझेल घेऊच नका.

एमएक्स-5 वेगळीच. 1989 मध्ये आली तेव्हा इंग्रजी धाटणीच्या छोट्या उघड्या गाड्या संपल्या होत्या. माझदाने तोच आनंद गळतीशिवाय दिला, आणि 2016 पर्यंत दहा लाख गाड्या बनल्या. पहिल्या 1.6 लिटरच्या गाड्यांत क्रँकचं पुढचं टोक छोटं आहे, तिथला बोल्ट सैल होऊन पुली अडकवणाऱ्या छोट्या चावीची खाच झिजते. क्रँकच्या पुलीवर चार खाचा असतील तर छोटं टोक, आठ असतील तर पुढची सुधारित आवृत्ती. टायमिंग बेल्ट तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह वाकत नाहीत, ही मोठी सोय. गंज दरवाज्याखाली, मागच्या चाकाच्या पुढे. कारण साधं आहे: कापडी छपराचं पाणी सीटमागच्या दोन भोकांतून खाली उतरतं, तिथे पानं-कचरा अडकला की पाणी पोकळ भागात साचतं. जाड नायलॉनचा दोरा वरून घालून भोकं वर्षातून दोनदा मोकळी करा. चौथ्या पिढीच्या 2016-17 च्या गाडीत दुसऱ्या गिअरकडे कान द्या, त्या गिअरबॉक्सच्या तक्रारी झाल्या आहेत.

फोर्डने 2008 पासून हिस्सा विकायला सुरुवात केली आणि 2015 पर्यंत पूर्ण बाहेर पडला. माझदा पुन्हा एकटी पडली, आणि पैसा थोडा असताना काय करायचं यावर तिने घेतलेला निर्णय मला आजही थक्क करतो. इतर कंपन्या लहान टर्बो आणि हायब्रिडकडे वळत असताना हिने साधं पेट्रोल इंजिनच नव्याने मांडलं. 2012 च्या सीएक्स-5 मध्ये ते पूर्ण रूपात आलं. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, 13:1, युरोपात 14:1, आणि तेही साध्या पेट्रोलवर. एवढ्या रेशोला नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून ठोके, व्हायला हवं. ते होतं प्रामुख्याने मागच्या फेरीचा तापलेला धूर सिलिंडरमध्ये उरल्यामुळे. माझदाने एक्झॉस्टचे चार नळ आधी दोनात आणि मग एकात आणले आणि पुरेसे लांब ठेवले, म्हणजे एका सिलिंडरच्या धुराचा धक्का शेजारच्यात परत शिरत नाही. नळ लांब झाले की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उशिरा तापतो. त्यावर उपाय म्हणून गार असताना स्पार्क उशिरा देतात, आणि ज्वाला नीट धरावी म्हणून पिस्टनच्या डोक्यावर खळगा ठेवला. 2012 च्या माझदा3 मध्ये जुन्या चेसिसमुळे हे लांब नळ बसत नव्हते, म्हणून तिथे रेशो 12:1 वर थांबला.

तिसऱ्या माणसाचं कौतुक या गाड्यांचं आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेच्या 2020 च्या विश्वासार्हतेच्या यादीत माझदा टोयोटा आणि लेक्ससच्याही वर, पहिली आली. पण इथेही इंजिन बघायचंच. टर्बो नसलेलं 2.5 सर्वांत निर्धोक. 2018-19 च्या काही गाड्यांत दोन सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आली आणि तिच्या सॉफ्टवेअरच्या दोषामुळे रॉकर आर्म निसटण्याची शक्यता निघाली. कंपनीने गाड्या परत बोलावून दुरुस्त केल्या, चेसिस नंबर टाकून ते काम झालंय का ते तपासा. 2.5 टर्बोत, विशेषतः 2016 पासूनच्या सीएक्स-9 मध्ये, एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ सिलिंडर हेडला तडा जाऊन कूलंट झिरपतं. टॉर्च घेऊन इंजिनाच्या मागच्या बाजूला वाळलेल्या कूलंटचे डाग शोधा, कूलंटची टाकी किमान खुणेच्या खाली आहे का बघा. हेड बदलणं हाच उपाय.

सहा गिअरचा ऑटोमॅटिक मजबूत आहे. त्याचं तेल आयुष्यभराचं असतं या समजुतीवर जाऊ नका, 80,000 ते 1,00,000 किलोमीटरला बदला. तेल कंपनीचं एफझेड, निळ्या रंगाचं. एका वेळी निम्म्याच्या आसपास, सुमारे 4 लिटरच निघतं, म्हणून थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा बदललं की बहुतेक जुनं जातं. पातळी तेल सुमारे 50 अंशांवर असतानाच तपासायची. गार तेलावर भरलेला गिअरबॉक्स गरम झाल्यावर जास्त भरलेला ठरतो. टर्बो नसलेल्या 2.5 इंजिनाला ऑइल 0डब्ल्यू-20, फिल्टरसह साडेचार लिटर.

2017 मध्ये टोयोटाने माझदात पाच टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला आणि अमेरिकेत हंट्सव्हिलला दोघींचा सामाईक कारखाना उभा राहिला. देवाणघेवाण दोन्हीकडून आहे. सीएक्स-50 हायब्रिडमध्ये टोयोटाची यंत्रणा आहे, आणि उत्तर अमेरिकेत 2016 ते 2020 या काळात विकलेली टोयोटा यारिस सेडान आतून पूर्ण माझदा2 होती. लहान गाडी चालणार असेल तर तीही बघण्यासारखी.

मुलासाठी माझी निवड: 2014 ते 2017 ची सीएक्स-5, 2.5 लिटर, टर्बो नाही, सिलिंडर बंद करण्याची सोय नाही. सर्व्हिसच्या पावत्या बघा, चेसिस नंबरवर दिव्यांची आणि इतर रिकॉल कामं झाली आहेत का ते बघा, आणि पैसे देण्याआधी ती लिफ्टवर चढवून मागच्या कमानी आणि ब्रेकच्या नळ्या हाताने तपासून घ्या. विकणारा लिफ्टवर न्यायला तयार नसेल तर दुसरी गाडी शोधा, या वर्षांच्या सीएक्स-5 टोरांटोत भरपूर आहेत.